तिसरं ताट

चित्रप्रदर्शनाची रांग एका मोठ्या चित्रापाशी अडली होती. माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

"ताई, ही येशूने सांगितलेली गोष्ट ना? धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो, ती?"

"हो, तीच. पण बाप बघ कसा काढलाय. एकाच पायात चप्पल, चष्मा हातात, तसाच जिना उतरत सुटलाय. त्याची धाप ऐकू येते गं."

"आणि वर स्वयंपाकघरात पाठ करून उभाय, तो थोरला?"

"तोच. भांडी घासतोय. त्या पाठीत केवढा राग भरलाय बघ. चेहरा दाखवायची गरजच पडली नाही."

"पण टेबलावर ताटं तीन आहेत."

"असतील."

"बाप तर खाली धावतोय. मग तिसरं कोणी मांडलं?"

"अगं हो की. काय बाई नजर आहे या चित्रकाराची."

"ताई, मी परत आले त्या दिवशी तू माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हतीस."

"बोलण्यासारखं काय ठेवलं होतंस?"

"माझं अंथरूण मात्र घातलेलं होतं. मला लागतात तशा दोन उशा ठेवून."

"चल पुढे. मागे लोक खोळंबलेत."