ओगावा-सानचा रिकामा पेला

...आणि तो पेला तरी केवढा, तर हळदीकुंकवाच्या करंड्याएवढा! एका घोटात संपतो हो. मग संपवला. आमच्याकडे पानात काही टाकलं की आई बोलायची नाही, नुसती बघायची... त्या बघण्यावर वाढलेली मुलगी मी, पेल्यात साके ठेवून उठेन का? संपवून खाली ठेवला, की समोरून ओगावा-सान बाटली उचलून परत भरतात. आता साहेबच ओततायत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

तुम्हाला सांगते, दारू मी जन्मात चाखलेली नव्हती. पण हे जेवण साधं होतं का? ड्युसेलडॉर्फच्या या जपानी कंपनीत माझी प्रोबेत्साइट संपत आलेली. सहा महिन्यांची कच्ची नोकरी. शुक्रवारी पक्की झाली तर व्हिसा, नाही तर बॅग भरून पुणे. आणि गुरुवारी साहेब म्हणतात, "आपुते-सान, संध्याकाळी जेवायला चला." मी स्पृहा आपटे, पण त्यांच्या तोंडी आपुतेच. शेजारच्या टेबलावरची ब्रिगिटे कानाशी येऊन म्हणाली, "हे बघ, तुझ्या आधीच्या मुलीलाही असंच नेलं होतं." मग? "मग काही नाही. ती आता श्टुटगार्टला असते." हे काय सांगणं झालं?

तर तिथे गरम धिरड्यासारखं काहीतरी आलं, वर तपकिरी पापुद्रे, आणि ते पापुद्रे हलत होते. वाकत होते, उठत होते... मी किंचाळले. अख्खं हॉटेल थांबलं. ओगावा-सान शांतपणे म्हणाले, "वाळवलेला मासा आहे. वाफेने हलतो." ताटली स्वतःकडे ओढली आणि माझ्यापुढे टोफू सरकवला. "तुम्ही मासे खात नाही. सहा महिने कॅन्टीनमध्ये नुसते बटाटे घेताय, मी पाहिलंय."

मी कुणाला सांगितलं नव्हतं हो. भीतीने नव्हतं सांगितलं. या गावात माझ्या ताटाकडे कुणाचं लक्ष आहे, हेच मला माहीत नव्हतं. रडूच आलं. रडू आलं की मी पाणी पिते, पाणी नव्हतं, मग तोच पेला... संपला. भरला. नाही कसं म्हणणार?

पाचव्या पेल्याला टेबल सरकायला लागलं. ओगावा-सानचा पेला मात्र पहिल्यापासून कोरडा. मनात म्हटलं, केवढा संयमी माणूस! पण बाटलीत आहे तोवर आपली सुटका नाही, म्हणून मी... ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि उरलेली सगळी त्यांच्या पेल्यात ओतली. काठोकाठ. थोडी टेबलावर. संपलं. बॅग, विमान, "अगं, इतक्यात आलीस?" सगळं डोळ्यांपुढे आलं.

ओगावा-सान उठले आणि चक्क कमरेत वाकले. "आमच्यात आपला पेला आपण भरत नाही, समोरच्याने भरायचा. नऊ वर्षं जर्मनीत आहे. इथे जो तो आपापलं ओतून घेतो. आज कुणीतरी माझ्यासाठी ओतलं."

"आणि पुरे झालं तर काय करायचं?"

"भरलेला पेला तसाच ठेवायचा."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या आवडीने पीत होतात, आपुते-सान. नाही कसं म्हणणार?"

शुक्रवारी सही झाली. पक्की. कॉलिंग कार्डावरून आईला फोन केला. "काय खाल्लंस?" टोफू. "आणि?" ...पाणी.

उपकारच त्या माणसाचे, दुसरं काय म्हणू? फक्त माझ्या कामांच्या यादीत खाली एक ओळ वाढलीये: जपानहून येणाऱ्या पाहुण्यांना जेवायला नेणे. पुढच्या आठवड्यात ओसाकाहून अकरा जण येतायत, आणि ओगावा-साननी त्या सगळ्यांना आधीच कळवून ठेवलंय, की आपुते-सानना साके फार आवडते.