फ्रिजबद्दल माझी तक्रार नाही

पांढरा होता... म्हणजे मला तरी तो पांढराच आठवतोय, चाळीसएक वर्षं मी ज्याला त्याला पांढराच सांगत आलो, आणि काल संग्रहालयात जाऊन बघतो तर फिकट हिरवा. आता तुम्हीच सांगा, फ्रिजचा रंग उतरतो हे मी समजू शकतो, पण चढतो का? तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यातलं किती खरं आणि किती माझ्या डोक्यानं रंगवलेलं, याची हमी मी देत नाही. पण एवढं मात्र नक्की की मला रांगेत उभं केलं. फ्रिज बघायला, रांगेत! जो फ्रिज मी माझ्या या पाठीवर तीन देशांत चढवला-उतरवला, त्याच्याभोवती आता मखमली दोरी आहे, आणि दारावरची मुलगी मला म्हणते, "आजोबा, दोरीच्या आत नका जाऊ हं, जुनी वस्तू आहे." मी म्हणालो, "बाई, मीही आहे." ती हसली. गोड मुलगी. तिच्याबद्दल तक्रार नाही, फ्रिजबद्दल तर नाहीच नाही. तक्रार आहे ती शेजारच्या पाटीबद्दल. पाटीवर काय लिहिलंय, तुम्हाला सांगतो... 'लाँग सर्व्हिस लीव्ह, पोर्ट केम्बलातला भूमिगत औद्योगिक बँड. सदस्य : व्हांचो, ग्लेनिस, स्टोयान, फ्रिज आणि इतर.'

इतर म्हणजे मी.

म्हणजे एकटाच मी, त्याला अनेकवचन कशाला? पण जाऊ दे. मी टेपा वाजवायचो. विद्यापीठात लॅटिन शिकवायचो आणि उरलेल्या वेळात टेपा वाजवायचो. माझी लॅटिनमधली डॉक्टरेट नुकतीच झाली होती, म्हणून सगळे मला डॉक म्हणायचे, आणि व्हांचोचे वडील, स्टोयान, ते मनापासून डॉक्टर म्हणायचे. मनापासून म्हणजे कसं, की पहिल्या भेटीत त्यांनी विजार वर करून मला गुडघा दाखवला. मी म्हणालो, मी तसला डॉक्टर नाही. त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या भेटीत कान पुढं केला. मी त्यांना कानाला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. मान फार छान हलवायचे.

तर बँड. आमच्या गावात पोलादाचा कारखाना, सगळं गाव त्याच्या धुराखाली वाळत घातलेलं, आणि व्हांचोच्या डोक्यात आलं की या आवाजांचं संगीत करायचं. यंत्रांचे आवाज टेपवर घ्यायचे, ती टेप ब्लेडनं कापायची, चिकटवायची, गोल फिरवत ठेवायची, ते काम माझं. ग्लेनिस खाटकाकडं कामाला होती, तिचा हात असा की ती हातोड्यानं पत्रा वाजवायची तेव्हा पत्रा चूक कबूल करायचा. आणि व्हांचो कळफलकावर एक सूर दाबून धरायचा आणि माईकमध्ये कारखान्यातल्या पाट्या ओरडायचा. हेल्मेट घाला. वाकू नका. लटकत्या भाराखाली उभे राहू नका. हीच गाणी. हसू नका, फार गंभीर संगीत होतं ते. आणि भूमिगत म्हणजे काही पोलीस मागे लागलेत, असं नव्हे. लोक यायचे नाहीत, म्हणून भूमिगत.

बँडचं नाव तरी कुठून आलं? आमच्याकडं ऑस्ट्रेलियात एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं घासलं की एक लांबलचक पगारी रजा मिळते, तिचं नाव. स्टोयान ती रजा साठवून होते, मॅसेडोनियात आपल्या गावी जायचं म्हणून, आणि व्हांचो म्हणायचा की बापाच्या तोंडून प्रेमानं निघालेला हा एकच शब्द मी ऐकलाय. म्हणून तो बँडला दिला. खरं सांगू का, त्या पोराचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बापानं एकदा येऊन ऐकावं. टाळ्या नकोत, कौतुक नको, एकदा येऊन बसावं. दर कार्यक्रमाच्या आधी तो विचारायचा, "ताते, येणार का?" तिथं वडिलांना ताते म्हणतात. आणि ताते भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "मी दिवसभर कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर हेच ऐकतो, आणि त्याचा मला पगार मिळतो. आता तिकीट काढून ऐकू?"

याला काय उत्तर देणार? मी लॅटिनमध्येसुद्धा शोधलं.

आता फ्रिज. आमचा सराव चालायचा मॅसेडोनियन क्लबच्या मागच्या खोलीत, आणि भिंतीपलीकडं क्लबचं स्वयंपाकघर, आणि तिथं हा फ्रिज. उंच, खांदे गोल केलेला, आणि त्याची घूं... घूं अशी की भिंतीतून, जमिनीतून, खुर्चीतून आत यायची. आम्ही काहीही टेपवर घेतलं की खाली फ्रिज. शेवटी व्हांचोनं हार मानली आणि कळफलक फ्रिजच्या सुरात लावला. मग दुसरं गाणं त्या सुरात, मग तिसरं... वर्षभरात सगळी गाणी फ्रिजला धरून. आणि आम्हाला हे कळलंच नाही, हो! कळलं कधी, तर पहिल्यांदा क्लबबाहेर वाजवलं तेव्हा. सगळं बरोबर होतं, टेपा बरोबर, पत्रा बरोबर, आणि तरी असं वाटत होतं की चौघं जेवायला बसलेत आणि कुणी टेबलच उचलून नेलंय. ग्लेनिसनं हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, "फ्रिज नाहीये."

म्हणून सिडनीचा कार्यक्रम ठरला तेव्हा फ्रिज न्यायचं ठरलं. सिडनीला बेल्जियमहून योस्त नावाचा एक माणूस येणार होता, असल्या संगीताच्या तबकड्या काढणारा. तो हो म्हणाला तर आम्ही बँड, नाहीतर आम्ही तीन माणसं आणि एक पत्रा. पण फ्रिज क्लबचा. क्लबच्या समितीची बैठक बसली, दोन तास चालली, आणि ठराव झाला की फ्रिज न्यावा, पण समितीचा एक माणूस सोबत जाईल. आणि स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात? स्टोयानच्या.

व्हांचोनं आनंदानं विचारलं, "म्हणजे ताते, तुम्ही येणार?"

"मी फ्रिजबरोबर येणार," स्टोयान म्हणाले. "तू तुझं काय ते कर."

रविवारची दुपार होती, कारण संध्याकाळी त्या सभागृहात म्हाताऱ्यांची हाउझी असायची. जुलै, म्हणजे ऐन थंडी. फ्रिज रंगमंचावर, पाठीला माईक, आणि बाजूला स्टोयान, लग्नातला कोट घालून, एक हात फ्रिजवर ठेवून, वधूचा बाप उभा असतो तसे. आम्ही सुरू केलं. घूं... टेपा फिरतायत, पत्रा बोलतोय, व्हांचो ओरडतोय, योस्त दुसऱ्या रांगेत डोळे मिटून बसलाय... आणि फ्रिज बंद पडला.

बिघडला नाही. तुम्हाला सांगतो, फ्रिजबद्दल माझी तक्रार नाही, फ्रिज अगदी बरोबर वागला. आत पुरेसं गार झालं की फ्रिज थांबतो, तो त्याचा धर्म आहे, आणि त्या सभागृहात इतकी थंडी की तो पाच मिनिटांत गार होऊन मोकळा झाला. यंत्रांचे आवाज चिरून गाणी बांधणाऱ्या आम्हा तिघांपैकी, त्यातल्या एकाची तर डॉक्टरेट झालेली, एकालाही हे आधी सुचलं नाही की फ्रिज थांबतो. व्हांचोचा चेहरा मला आजही दिसतो. की दिसतो असं वाटतं? असो. पांढरा पडला होता, फ्रिजपेक्षा.

आणि स्टोयाननं शांतपणे फ्रिजचं दार उघडलं.

बाहेरची, आतल्यापेक्षा जरा उबदार हवा आत गेली, थोड्या वेळानं खट्ट झालं आणि... घूं. व्हांचोनं बापाकडं बघितलं आणि मान हलवली. बापानंही हलवली. आणि मग तो माणूस, प्रेक्षकांकडं पाठ करून, आतल्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात, एका हातानं दार धरून आणि दुसरा तळवा फ्रिजच्या अंगावर ठेवून, शेवटपर्यंत उभा राहिला. हलला नाही. नंतर योस्त आत आला, डोळ्यांत पाणी, म्हणाला, "मी तुमची तबकडी काढतो. पण हा माणूस हवा."

आम्ही म्हणालो, कोण?

म्हणाला, "दार धरणारा. पाठ करून. हा सगळ्या कामगारांचा..." पुढं तो फ्रेंचमध्ये गेला. स्टोयाननं मान हलवली.

तिथून जे काही झालं त्याला आमची कारकीर्द म्हणतात. तबकडी निघाली, मुखपृष्ठावर स्टोयानची पाठ. बेल्जियममध्ये लोक आमच्यासाठी काळे कोट घालून यायचे आणि दार उघडलं की उसासा टाकायचे. आणि स्टोयाननं काय केलं? ती साठवलेली रजा, गावी जायची, ती काढली आणि फ्रिजबरोबर आले. रात्का, त्यांची बायको, तिनं आम्हाला बजावलं, "त्याला वेळेवर जेवायला घाला, आणि तुमच्यापैकी कुणी मी बांधून दिलेलं तिरंगी मिरच्यांचं लोणचं मागं ठेवून गेलं तर परत येऊ नका." गावी ते शेवटी गेले, पण रजेचे उरलेले चार दिवस. व्हांचो मला म्हणायचा, "डॉक, तो ऐकतोय. बघितलंस? तो ऐकतोय." दर कार्यक्रमाला. आणि खरंच, गाणं कधी संपणार ते स्टोयानना आधी कळायचं, दार लोटायची त्यांची वेळ कधी चुकली नाही.

आणि मग अमेरिका. शिकागोला बोलावलं. फ्रिज जहाजानं पाठवला, तिथं तो चालावा म्हणून व्हांचोनं एक जडशीळ रोहित्र विकत घेतलं, सगळं जोडलं, आणि फ्रिज... घीं. घूं नव्हे. घीं! अहो, तिथली वीजच वेगळी धावते. आपल्याकडं सेकंदाला पन्नास हेलकावे, त्यांच्याकडं साठ, रोहित्रानं जोर बदलतो, चाल बदलत नाही, आणि फ्रिज विजेच्या चालीनं गातो. सूर चांगला वर चढला. आणि गंमत म्हणजे माझं टेप वाजवायचं यंत्रही विजेच्या चालीनंच फिरायचं, त्यामुळं टेपाही तेवढ्याच वर आणि तेवढ्याच घाईत. फ्रिज आणि मी अगदी एकसूर. बेसूर फक्त कळफलक आणि व्हांचो. तो बिचारा हेल्मेट घाला, हेल्मेट घाला, असं पिंजऱ्यातल्या पोपटासारखं ओरडत होता, आणि काळ्या कोटातले अमेरिकन एकमेकांकडं बघत होते. वर्तमानपत्रात आलं की बँडनं आपली शैली हलकी केली आहे. झालं, तिथंच संपलो आम्ही. जगात आणखी कुणी असं संपलं असेल का? विजेच्या चालीमुळं?

पण त्या रात्री जेवताना स्टोयान एवढंच म्हणाले, "आज फ्रिज घाईत होता."

व्हांचो उठून बाहेर गेला. मी मागं गेलो तर तो रस्त्यावर उभा राहून रडत होता, आणि हसत होता. "ऐकलंस, डॉक? एवढ्या सगळ्यांत फक्त त्याला कळलं. माझ्या बापाला कान आहे." बँड बुडाला होता, फ्रिज परत न्यायचा होता, आणि हा पोरगा असा, की जसं काही बक्षीस मिळालंय.

फ्रिज परत आला, क्लबच्या स्वयंपाकघरात पुन्हा कामाला लागला. आमच्यातला तो एकटाच लगेच कामाला लागला. ग्लेनिसनं पुढं स्वतःचं खाटकाचं दुकान काढलं. व्हांचो शाळेत संगीत शिकवतो. आणि स्टोयान गेले तेव्हा चर्चमध्ये व्हांचो उभा राहिला आणि म्हणाला, "माझं संगीत जगात खरं कुणी ऐकलं असेल तर ते माझ्या तातेंनी." सगळे रडले. मीही. योस्तनं फुलं पाठवली होती, फ्रिजच्या आकाराची. बरं दिसत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, उन्हाळा संपताना, रात्काच्या गॅरेजमध्ये बसून मी भाजलेल्या लाल मिरच्या सोलत होतो. दर वर्षी बोलावते, वर्षभराचा आयवर, म्हणजे या मिरच्यांची चटणी, घालायचा असतो, आणि माझ्या सोलण्याला नावं ठेवते. मी सहज म्हणालो, स्टोयानना काय कान होता हो.

रात्का हात थांबवून बघायला लागली. "कुणाला?"

"स्टोयानना."

"डॉक्टर, त्याचे कान भट्टीनं कधीच खाल्ले होते. तुमचा बँड निघाला त्याच्याही आधी. भांडं पडलं तर कळायचं, बोलणं ओठांवरून, बाकी काही नाही. कारखान्यात कळलं तर काम जाईल म्हणून कुणाला बोलला नाही. म्हणून तर सारखी मान हलवायचा. तुम्ही काय शिकवता म्हणे?"

मी म्हणालो, लॅटिन. मग म्हणालो, "पण शिकागोला ते म्हणाले की फ्रिज घाईत होता."

तिनं मिरचीनं लाल झालेला तळवा टेबलावर सपाट ठेवला. असा. "हातानं," ती म्हणाली. "मला येऊन सांगायचा, तिसरं गाणं चांगलं आहे, कोपरापर्यंत येतं. बाकीची मनगटातच राहतात."

मी म्हणालो, व्हांचोला माहीत आहे?

"त्याला कशाला? तो बोलायचा, हा मान हलवायचा. त्याआधी तर तेवढंही नव्हतं."

मी पुन्हा मिरची उचलली. तुम्हाला सांगतो, मला तिथंच गप्प बसायला हवं होतं, पण शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. म्हटलं, असेल, सिडनीलाही तळहाताला कळलं असेल की फ्रिज थांबला, म्हणून त्यांनी दार उघडलं. खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "मग सिडनीला तेही हातानंच कळलं ना? म्हणून दार उघडलं?"

"छे," रात्का म्हणाली. "तेव्हा त्याला कुठं माहीत, फ्रिजला हात लावून काय कळतं ते. बिअर ठेवली होती त्यानं आत. गार झाली का ते बघायला उघडलं. तर व्हांचोनं मान हलवली. पोरानं तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघून मान हलवली होती. मग म्हणे, दार लावायचं जिवावर आलं."

मी म्हणालो, "आणि बिअर?"

"गार झाली होती," ती म्हणाली.