भिंतीवरच्या खडूच्या रेघा

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष, मंचावर बसलेले आपल्या क्रीडा मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे सर, उपस्थित पालक आणि माझ्या खेळाडू मैत्रिणींनो,

खेळाडूंच्या वतीने बोलायची संधी मला दिलीत, त्याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. कुबड्यांवर उभी आहे, तेव्हा मध्येच थांबले तर सांभाळून घ्या. भाषण लिहून आणलं होतं. अध्यक्षांनी वाचून ‘छान आहे’ असंही सांगितलं. तो कागद मी खुर्चीवरच ठेवून आले आहे.

सरांना आम्ही ‘हळूसर’ म्हणतो, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक आहे. तिहेरी उडीच्या मुलींना ‘हळू’ शिकवणारा दुसरा माणूस तुम्ही पाहिला आहे का? पहिले तीन महिने त्यांनी आम्हाला नुसतं खोक्यावरून खाली उतरायला शिकवलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि आवाजावरून सांगायचे, “तिसरी कोण ती? टाच आपटलीस बाई. फरशी आपली आहे, भाड्याची नाही.”

त्यांची एक पद्धत होती. एका दिवशी साठ उड्या, मग दोन दिवस पायांना सुट्टी. दहा उड्या झाल्या की आपल्या नावाखाली भिंतीवर आपणच खडूची रेघ ओढायची. सहा रेघा झाल्या की बूट काढायचे. ते स्वतः कधी मोजत बसले नाहीत. “आपल्याच पायांशी खोटं कोण बोलेल?” असं म्हणायचे.

मी बोलले, सर.

अध्यक्षमहोदय, मला पाचच मिनिटं दिली आहेत हे लक्षात आहे. निवड चाचणीला पाच आठवडे होते आणि मी सतरा सेंटिमीटर कमी पडत होते. सरांनी डॉक्टरांना विचारून आम्हाला क्रिएटिन नावाची ताकदीची पावडर सुरू करून दिली होती, रोज एक सपाट छोटा चमचा, ग्लासभर पाण्यातून. “याने स्नायू लवकर ताजे होतील. टाचेमागची शीर मात्र तिच्याच वेळेने तयार होते, तिला घाई चालत नाही,” हे त्यांनी बजावून सांगितलं होतं. मी त्यातलं अर्धंच ऐकलं. चार चमचे घ्यायला लागले. पोटात कळा यायच्या, पण मांड्या हलक्या वाटायच्या. मग सुट्टीच्या दिवशीही नुसतं स्ट्रेचिंग करते म्हणून सरांकडून हॉलची किल्ली मागून न्यायचे. सहा रेघा झाल्या की तळहाताने पुसायच्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

शीर तुटली तेव्हा वाटलं, मागून कुणी लाथ मारली. भांडायला वळले तर मागे कुणीच नव्हतं. किल्ली घ्यायला आलेल्या सरांना मी फरशीवर पडलेली दिसले. त्यांनी माझा हात धरला. खडू बोटांत धरतात, आणि माझा अख्खा तळहात पांढरा होता. त्यांनी तो नीट पाहिला, खिशातून रुमाल काढला आणि पुसून टाकला.

मग मंडळाकडे तक्रार आली की सरांनी सुट्टीच्या दिवशी सराव करून घेतला, वर पावडर पाजली. ती तक्रार माझ्या आईची होती. ती तिसऱ्या रांगेत आहे. आई, बस ना. तुला मीच तसं सांगितलं होतं. चौकशीत सर म्हणाले, “मीच तिला बोलावलं होतं.” मी समोर बसून ते ऐकलं आणि गप्प राहिले, कारण खोटी मोजणी देणाऱ्याला मंडळ काढून टाकतं आणि मला काहीही करून पुन्हा उडी मारायची होती. सरांचा राजीनामा असा आला, आणि आपण त्याला निरोप म्हणतो आहोत.

मला लाज वाटते. भीतीही वाटते. काय केलं म्हणजे हे परत फिरेल, मला समजत नाही. मला काढा. आजच काढा. पण सरांना जाऊ देऊ नका, मी भीक मागते. या मुली उद्या उतरतील तेव्हा त्यांचा आवाज कोण ऐकणार आहे?

सर, मान हलवू नका. या वेळी मी तुमचं ऐकणार नाही.

तुम्ही पुरावा मागाल. चौकशीपासून हॉल बंद होता, आज या कार्यक्रमासाठीच उघडला. मंचामागे ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलेला बॅनर आहे ना, तो त्याच भिंतीवर लावला आहे. बाकी सगळ्यांच्या नावाखाली रेघा आहेत. माझ्या नावाखाली पुसल्याचा पांढरा डाग आहे, माझ्याच तळहाताएवढा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर मला क्षमा करा. सरांना करू नका, त्यांनी काहीच केलेलं नाही. आणि तेवढा तो बॅनर कुणीतरी काढा. माझा हात तिथपर्यंत पोचत नाही.