सावडीचे तास

दिनांक ११ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव नूरमहंमद चाँदभाई आतार, वय ५४ वर्षे, धंदा मोटर वायंडिंग व दुरुस्ती, राहणार मौजे वाकीदरा, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन, सावड ॲपबाबत आलेल्या अर्जाच्या चौकशीत मला विचारले त्यावरून, माझ्या माहितीप्रमाणे सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी मुबारकबी हिच्यासह राहतो. मुलगी अल्मास लग्न होऊन पुण्यास असते. वाकीदरा स्टँडवर माझे सव्वीस वर्षांपासून दुकान आहे. विहिरीवरच्या व बोअरच्या जळालेल्या मोटरी खोलून नव्या तारेने भरून देणे हे माझे काम. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून मला मराठी लिहिता-वाचता येते.

आमच्या गावातील पंकजा मच्छिंद्र धांडे, वय २८, हिला मी ती शाळेत जात होती तेव्हापासून ओळखतो. ती पुण्यास कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होती. सन २०२३ मध्ये ती गावी परत आली. का आली याबद्दल गावात बरेच बोलले गेले. मी तिला विचारले नाही व तिने सांगितले नाही.

त्या साली गावात कामे होती, कामाला हात होते, पण मजुरी द्यायला कोणाकडे रोकड नव्हती. पूर्वी आमच्याकडे सावड असे. आज तुम्ही माझ्या रानात यायचे, उद्या मी तुमच्या रानात यायचे. परंतु माझे काम ज्याला हवे, नेमके त्याचेच काम मला हवे असेल तरच सावड जुळे. म्हणून ती मोडली. पंकजाने ती मोबाईलवर आणली. कोणाचेही काम करा, तितके तास तुमच्या नावावर येतात. मग ते तास देऊन गावातल्या कोणाकडूनही काम करून घ्या. त्या ॲपचे नावही तिने सावड असेच ठेवले.

मला विचारण्यात आले की, नोटा किंवा नाणी छापली काय. तर नाही. ज्या बायांकडे साधा मोबाईल आहे त्यांना गळ्यात अडकवायचे कार्ड दिले. त्यावर नाव व ठिपक्यांचा चौकोन आहे. समोरच्याने त्याचा फोटो घेतला की तास जमा होतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. लगेच परत फोन येतो व पंकजाच्या आवाजात किती तास शिल्लक ते सांगतो. एक ते शंभरपर्यंतचे सगळे आकडे तिने स्वतः बोलून भरले होते. शंभराच्या वर कोणी तास साठवायचे नाहीत, असाही नियम होता.

दि. २६ जानेवारी २०२४ रोजी झेंडावंदनानंतर शाळेच्या ओट्यावर तिने हे सर्व लोकांना सांगितले. सुमारे दीडशे लोक होते. मी हजर होतो. ती म्हणाली, "यात रुपये द्यायचे नाहीत आणि रुपये मागायचे नाहीत. तास विकताही येणार नाहीत. एक तास म्हणजे एक तास, कोणाचाही."

त्यावर मी उभा राहून हरकत घेतली. मी म्हणालो, "मोटर भरायला हात बसवायला माझी सात वर्षं गेली. खुरपायला काय शिकावं लागतं? माझा तास आणि खुरपणाऱ्या बाईचा तास एकच कसा?"

तेव्हा लंकाबाई बाबू खुडे, ज्या रोजंदारीने शेतात जातात, त्या खालून म्हणाल्या, "नूरभाई, एक दिस या की खुरपायला पाथीवर. सांजच्याला कंबर काय म्हनती ती आमाला सांगा."

लोक हसले. पंकजा हसली नाही. ती म्हणाली, "चाचा, तुमची कला मोठी आहे, ती कोणी लहान करत नाही. पण तुमचा तास साठ मिनिटांचा आणि लंकाकाकूंचाही साठच मिनिटांचा. तुम्हाला पटत नसेल तर येऊ नका. रुपये घेऊन काम करा, कोणी अडवणार नाही."

मी त्यात सामील झालो नाही. त्यानंतर दुकानावर येणाऱ्यांना मी हे पोरखेळ असल्याचे सांगत होतो. हे मी केले आहे, म्हणून सांगतो.

दि. १९ जून २०२४ रोजी दुपारी बोअरमधून मोटर वर काढताना चेन पुलीची साखळी सुटली. पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये माझा उजवा हात सापडला. दोन बोटांची हाडे मोडली व मनगटात सळई टाकावी लागली. नगरला दवाखान्यात नऊ दिवस होतो. डॉक्टरांनी तीन महिने कामाला मनाई केली. जवळचे पैसे दवाखान्यात संपले. पत्नी मुबारकबी हिला साखरेचा आजार असून त्या सुमारास तिच्या पायाला जखम होती. तिला उभे राहता येत नव्हते.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लंकाबाई आमच्या दारात आल्या. त्यांनी काही न विचारता चूल पेटवली. मी त्यांना म्हणालो, "माझ्याकडं द्यायला पैसे नाहीत."

त्या म्हणाल्या, "पैसं कोन मागतंय? तास टाका."

मी म्हणालो, "मी तुमच्या सावडीत नाही."

त्या म्हणाल्या, "मग या की. दार उघडंच हाय."

त्या दिवशी त्यांनी भाकरी केल्या. माझा डावा हात भाकरी मोडायला वळत नव्हता, ती लंकाबाईंनी मोडून दिली. त्याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

दुपारी पंकजा आली. तिने ओट्यावरच्या माझ्या बोलण्याचा विषय काढला नाही. सभासदाला चाळीस तासांपर्यंत उणे जाता येते, म्हणजे आधी काम करून घ्यायचे व नंतर फेडायचे, असे तिने समजावून सांगितले. मी विचारले, "हात बरा झाला नाही आणि मी फेडलं नाही, तर काय करशील?"

ती म्हणाली, "काही नाही करणार. तुमच्या नावापुढं उणे दिसत राहील, एवढंच."

मी माझ्या राजीखुशीने डाव्या अंगठ्याने मोबाईलवर होकार दिला. माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतली गेली नाही.

पुढे चाळीस तास तीन आठवड्यांतच संपले. तेव्हा सभासदांची बैठक झाली. मला बोलावले नव्हते. मुबारकबीला बायांकडून समजले ते असे की, काही जण म्हणाले, हात बरा झाला नाही तर हे तास बुडाले. त्यावर लंकाबाई म्हणाल्या, "आपन तास त्येंच्या हाताला देतोय का मानसाला देतोय?" नंतर हात वर करून मत घेतले आणि माझी मर्यादा एकशेवीस तास केली. पंकजाने मत दिले नाही. मी चालवणारी आहे, मी ठरवणारी नाही, असे ती म्हणाल्याचे समजले.

लंकाबाई स्वयंपाक करून मुबारकबीच्या पायाची पट्टी बदलत होत्या. गावातील टेम्पोवाले ज्ञानेश्वर मला ड्रेसिंगसाठी आठवड्यातून दोनदा नेत होते. डिझेलचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, नंतर मी आपण होऊन दिले. ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा दुकान उघडले तेव्हा माझ्या नावावर उणे एकशेअठरा तास होते. दोन बोटे अजूनही पूर्ण वळत नाहीत. पूर्वी जी मोटर मी पाच तासांत भरत होतो तिला आता सात तास लागतात. पंकजाने सुचवले की सात लावा. मी पाचच लावतो.

मला दि. १० फेब्रुवारी २०२५ च्या प्रकाराबद्दल विचारण्यात आले. त्या दिवशी सकाळी बऱ्याच लोकांचे तास कमी दिसू लागले. साडेआठच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पंकजाचा आवाज आला. ती म्हणाली, "मी पंकजा धांडे बोलते आहे. सावडीतल्या मागच्या अकरा दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत. चूक मशीनची नाही, माझी आहे. नक्कल काढून ठेवायची मी विसरले. मी प्रत्येकाच्या घरी येणार आहे. तोपर्यंत कोणीही एकमेकांशी भांडू नका."

मी त्यावेळी दुकानात होतो. सव्वीस वर्षांत मी भरलेली मोटर जळाली, तेव्हा मी दर वेळी लाइटला दोष दिला आहे.

सभासद दोनशेचौदा आहेत. ती चार दिवस वही घेऊन घरोघर फिरली. बारा तारखेस माझ्याकडे आली. त्या अकरा दिवसांत मी दोन मोटरी भरून दहा तास काम केले होते, ते मी सांगितले. लंकाबाईंकडून सहा तास काम करून घेतले होते. ते सांगावे की नाही, असा विचार माझ्या मनात आला होता, हे खरे आहे. ती माठातले पाणी पीत होती. माझ्याकडे बघतही नव्हती. मी सहा तास सांगितले.

सर्वांचे सांगणे जुळवल्यावर फक्त नऊ तासांचा फरक राहिला. दोन सभासद म्हणत होते की आम्ही नऊ तास काम केले, आणि आमच्याकडे झाले असे कोणी म्हणत नव्हते. पंकजाने त्या दोघांना नऊ तास दिले व ते स्वतःच्या नावावर उणे टाकले.

मी दि. १८ फेब्रुवारी रोजी एका शेतात मोटर बसवायला गेलो असता ती तिथे कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. तळहाताला फडके बांधले होते. शेजारच्या वाफ्यात लंकाबाई होत्या. त्या तीन वाफे पुढे गेल्या होत्या. मी पंकजाला म्हणालो, "पोरी, त्या दोघांनी खोटं सांगितलं असेल. तू कशाला भरतेस?"

ती म्हणाली, "असेलही, चाचा. पण मला ते सिद्ध करता येत नाही. आणि नोंद मी घालवली, त्यांनी नाही."

तिने दोन दिवसांत नऊ तास पूर्ण केले. नऊ तास झाल्यावरही राहिलेली ओळ संपवून मगच ती उठली, असे लंकाबाईंनी मला सांगितले.

अर्जदार भीमा गेनू शिंगटे हे मजूर पुरवण्याचे काम करतात. त्यांनी अर्जात खोटे चलन चालवले, अडाणी बायांना फसवले व अकरा दिवसांची मजुरी बुडवली, असे लिहिल्याचे मला वाचून दाखवले. माझे सांगणे असे की, त्यातील कोणतीही गोष्ट मी पाहिलेली नाही. पूर्वी त्यांच्या टेम्पोत रोज सकाळी बावीस बाया परगावी जात. हल्ली आठ-नऊ जातात, कारण बाकीच्यांची कामे गावातच होतात. त्यांचा टेम्पो हप्त्यावर आहे. अर्ज त्यांनी रागाने केला की अडचणीने, हे मी सांगू शकत नाही. माझ्या दुखण्यात ते एकदा विचारपूस करायला आले होते, तेही लिहून घ्यावे.

दि. ५ मार्च रोजी पोलिसांची नोटीस मिळाली त्याच दुपारी पंकजाने आपण होऊन ॲप बंद केले व मोबाईल ठाण्यात आणून दिला. भोंग्यावरून तिने सांगितले की, चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणी तास टाकू नयेत, पोलिसांना खरे तेच सांगावे, माझ्यासाठी कोणी काही लपवू नये. आता मिस्ड कॉल दिला तरी परत फोन येत नाही. मुबारकबी रोज एकदा देऊन बघते.

पंकजाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. मला विचारण्यात आले की, तिचे व आपले काही नातेसंबंध किंवा देणे-घेणे आहे काय. नाते नाही. देणे आहे. ॲप बंद झाले त्या दिवशी माझ्या नावावर उणे एक्केचाळीस तास होते. साहेबांनी मला समजावून सांगितले की, हे कायद्याने चलन नसल्याने कोणी ते माझ्याकडून वसूल करू शकत नाही, ॲप कायमचे बंद झाले तर विषय संपतो. ते मला समजले.

परंतु दि. ८ मार्च रोजी मी गावातील बनुबाई यांची मोटर भरून विहिरीवर बसवून दिली. त्या पैसे देत होत्या. मी घेतले नाहीत व हे काम माझ्या उण्यातले आहे असे सांगितले. त्याचे सहा तास झाले. ते कुठे लिहायचे याची आज सोय नाही. पंकजाला विचारले तर ती म्हणाली, चौकशी चालू असताना मी कोणाचीही नोंद घेणार नाही. म्हणून ती नोंद मी येथे देत आहे. एक्केचाळीसातून सहा गेले. वाकीदरा गावाचे माझ्याकडे पस्तीस तास येणे आहेत.

वरील मजकूर संगणकावर टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखवला व मी स्वतःही वाचून पाहिला. शेवटच्या परिच्छेदात पस्तीसच्या जागी पंचवीस टाइप झाले होते. ते माझ्या सांगण्यावरून दुरुस्त करून तिथे माझी सही घेतली. आता सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब देणार,
(सही) नूरमहंमद चाँदभाई आतार