दोराची मूठ

वामन : आमचा प्रताप मोटरसायकल घेऊन गेलाय पोलिसांना आनायला. आता काय होनार नाय, स्नेहल. तुज्या भावाला, ललितला, माज्या मासळीच्या पाटीत हात घालताना मी सोता धरलाय.

स्नेहल : धरलात. मग जाळ्यांच्या खोलीत बांधून कशाला ठेवलंत? आणि त्याचं तोंड कोणी फोडलं?

वामन : गावानं. दोन महिने झाले, होड्यांतनं डिझेल चोरीला जातंय. लोक तापलेले व्हते.

स्नेहल : मग निघालं डिझेल झडतीत?

उषा : नाय निगालं. पिशवीत मूठभर बोंबील व्हते.

वामन : उषा, तू गप.

स्नेहल : काकी खरं तेच बोलतात. आणि मूठभरच का, वामनकाका? पाटी तर भरलेली होती. सगळी उचलली असती, तर बोईसर नाक्यावर तासात विकली असती.

वामन : चोराचं मला काय म्हायत?

स्नेहल : गावची रीत तरी माहीत आहे ना? होडी वर ओढताना जो दोराला हात लावील, त्याला दोराची मूठ, मूठभर मासळी. मग तो कोणीही असो.

वामन : हाय की. बापजाद्यांपासून हाय.

स्नेहल : ललितनं लावला होता हात. तुमच्याच होडीला. कारखान्यात ॲसिडनं हात भाजला, ठेकेदार म्हणाला उद्यापासून येऊ नको. तेव्हा हा किनाऱ्यावर आला, आपल्या माणसांत. तुम्ही काय म्हणालात त्याला?

वामन : तवा गर्दी व्हती. ध्यानात नाय.

उषा : ध्यानात हाय तुमच्या. ‘हात काड’ म्हनलात. मीच सांगितलेलं तुमाला. त्याच्या जखमा बगून गिऱ्हाईक मासळी घेईना. म्हनायची, कंपनीचा रोग हाय, लागंल.

स्नेहल : भाजलेलं लागत नाही, काकी.

उषा : तवा कुटं कळतं, बाय.

स्नेहल : त्यानंतर एकाही दोराला त्याला कोणी उभं केलं नाही. आई रोज विचारायची, आज मूठ मिळाली का रे? हा पडून राहायचा भिंतीकडं तोंड करून. एक दिवस बोंबील घेऊन आला. म्हणाला, वामनकाकांनी दोराची मूठ दिली. आई रडली. आळीभर सांगत फिरली, गावानं माझ्या पोराला परत घेतला. मग काय, रोज आणणं आलं.

वामन : परवा तारापूरच्या बाजारात तुजी आय, काशीवयनी, मला हात जोडून गेली. मला वाटलं, म्हातारी भरमली.

स्नेहल : मला आज कळलं हे सगळं, तो त्या खोलीच्या खिडकीतून बोलला तेव्हा. चोरी केली त्यानं. मी नाही म्हणत नाही. द्या पोलिसांत. पण त्याचा हात जळला, तेव्हा या गावातून एक माणूस पोलिसांकडं गेला नाही. कागद करायला नको, कंपनीशी वाकडं नको, उद्या आपलीही पोरं तिथंच लागायची आहेत. आणि मूठभर बोंबलांसाठी मोटरसायकल निघाली.

वामन : पुरं कर, पोरी.

उषा : अवो, काशीबाय येते. हातात डबा हाय.

वामन : तिला कोनी सांगितलं?

स्नेहल : कोणी नाही. तिला वाटतंय, ललित तुमच्याकडं कामाला आहे. जेवण घेऊन आली असेल.

वामन : उषा, प्रतापला फोन लाव. म्हनावं, माजी तक्रार नाय.

उषा : आनि गावाला काय सांगाल?

वामन : आदी फोन लाव.

(काशीबाई दारात येते.)

काशीबाई : वामनभाऊ, सकाळपास्नं तुज्याच कामाला हाय ना तो? उपाशीच गेला. हाक मार जरा त्याला.

वामन : बस, वयनी. त्याचं तोंड बगायच्या आदी माजं ऐक.