सासूबाई झोपल्यावर

(रुग्णालयाचं औषध-भांडार. साहेबांची काचेची खोली. आतून सगळा विभाग दिसतो. साहेबांसमोर या विभागावर प्रबंध लिहिणारी अभ्यासक.)

साहेब : नाव नकोच आहे मला. तुम्ही उगाच घाबरताय.

अभ्यासक : घाबरत नाही. शब्द दिलाय मी सगळ्यांना. प्रबंधात कुणीही ओळखू येणार नाही म्हणून.

साहेब : आणि कुणीच ओळखू येत नाही. फार स्वच्छ काम केलंत. या नव्या संगणक यंत्रणेला माझी माणसं माझ्यामागे 'सासूबाई' म्हणतात, हे मला तुमच्या लिखाणातून कळलं. हसलो हो खरंच.

अभ्यासक : तिला विचारल्याशिवाय गोळीचं पाकीटही हलत नाही, म्हणून.

साहेब : हलू नये म्हणूनच आणली. माझ्या शब्दावर आणली. आता हे ऐका, त्यांच्यातल्याच कुणाचं तरी बोलणं तुम्ही जसंच्या तसं उतरवलंय. "सासूबाई झोपल्या की सून घर चालवते, आणि उठल्या की त्यांनाच म्हणते, तुमच्यामुळेच चाललंय हो सगळं." काय वाक्य आहे! गाळवलं नाही ना तुम्हाला?

अभ्यासक : माझं सगळं म्हणणं त्यात आलंय.

साहेब : म्हणजे औषध आधी द्यायचं, नोंद मागाहून.

अभ्यासक : तातडीच्या वेळीच. तिकडे पेशंट तडफडत असतो, सिस्टर खिडकीशी उभी असते आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत असतं. तेव्हा कुणीतरी कपाट उघडतं. साहेब, तुमची यंत्रणा चालते ती असं कुणीतरी तिला बगल देतं म्हणून. माझा निष्कर्षच तो आहे.

साहेब : पटला. अगदी पटला. म्हणूनच तो 'कुणीतरी' मला हवाय.

अभ्यासक : मी सांगणार नाही.

साहेब : नका सांगू. बसा हो, उठताय कशाला? तुमच्या परवानगीपत्रावर माझी सही व्हायचीय अजून. त्याशिवाय विद्यापीठ प्रबंधाला हात लावत नाही म्हणे?

अभ्यासक : नाही लावत.

साहेब : मग दोन घटका गप्पा मारू. तो लंबू, तिकडे रॅकपाशी. तो बोलेल असलं काही? त्याला जांभई द्यायचाही कंटाळा.

अभ्यासक : मी काही बोलणार नाहीये.

साहेब : नकाच बोलू. मास्तर? कोपऱ्यात चष्मा पुसत बसलेत ते. निवृत्तीला टेकलेत, नियमाबाहेर शिंकायचे नाहीत. ती नवी मुलगी, खोकी लावतेय? तिला अजून सासू भेटायचीय, तिचा काय अनुभव! आणि खिडकीवरच्या आत्या.

अभ्यासक : ...

साहेब : आत्या साऱ्या जगावर ओरडतात. पण औषधाला आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत.

अभ्यासक : मी एक शब्द बोललेले नाही.

साहेब : नाहीच बोललात. पण तुमचं ते अभ्यासपद्धतीचं प्रकरण आहे ना, ते मी अगदी मन लावून वाचलं. "माणूस काय बोलतो याहून तो कुठे बघायचं टाळतो, ते टिपावं." लंबू म्हटलं, तुम्ही लंबूकडे पाहिलंत. मास्तर म्हटलं, मास्तरांकडे. त्या पोरीकडेसुद्धा मान वळली. आणि आत्या म्हटल्याबरोबर माझ्या पेपरवेटमध्ये एवढं काय दिसलं तुम्हाला?

अभ्यासक : साहेब, त्यांचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं हो. नवरा अंथरुणाला खिळलाय.

साहेब : कुणाचा, मॅडम? मी तर अजून अंदाजच बांधत होतो.

अभ्यासक : ते वाक्य काढून टाकते मी. आत्ताच्या आत्ता.

साहेब : छे, छे! राहू दे. सगळ्या प्रबंधात तेवढं एकच जिवंत आहे. ही घ्या तुमची सही. आत्या! जरा आत येता?

आत्या : आले, आले! काय गं पोरी, किती वाळलीस! लिहून लिहून काडी झालीस नुसती.

साहेब : आत्या, मॅडमना दारापर्यंत सोडा. आणि येताना कपाटाच्या चाव्या आणा माझ्याकडे.

आत्या : सगळ्या?

साहेब : सगळ्या.

आत्या : बरं. चल गं. सांभाळ, तिथं पायरी आहे. हातात काय ते? सही झाली? अगं बाई, म्हणजे झालीस की डॉक्टर! आता इथल्या डॉक्टरांनाही दटाव माझ्यासारखी. आणि इकडे ये, हळू बोल. साहेब खोदून खोदून विचारत होते ना? माझं नाव नाही ना घेतलंस?

अभ्यासक : नाही, आत्या. नाव नाही घेतलं.

आत्या : मला ठाऊकच होतं. मास्तर म्हणत होते, या लिहिणाऱ्यांचा भरवसा धरू नका. म्हटलं, गप बसा, आमची पोर शब्दाची पक्की आहे. अगं, रडतेस काय वेडाबाई? इथून जायचं म्हणून?

अभ्यासक : आत्या, त्या चाव्या...

आत्या : हो गं, नेऊन देते. नवं कपाट आलेलं दिसतंय. केव्हाची मागे लागलेय मी त्यांच्या.