कमरेएवढं पाणी

बहीण : ...आणि गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. घे पिशवी.

फादर : ताई, ही घोंगडी कशाला? बायबल, मेणबत्ती... अगं, मी पोहायला आलोय, कोठडीत नाही.

बहीण : तू घाईघाईनं चपला घातल्यास की माझा हात आपोआप हीच पिशवी भरतो. जन्म गेला त्यात. कधी मोर्चा, कधी धरणं, आता म्हणे पोहण्याचा तलाव.

फादर : टॉवेल कुठंय?

बहीण : तो तेवढा राहिला.

धोबी : पाद्री, कपडे नंतर बदल. आधी बाहेर बघ. सगळी धोबीगल्ली काठावर उभी आहे, पण पाण्याला पाय कुणी लावेना.

फादर : का? कोर्टाचा निकाल लागला, कुलूप निघालं. फाटकावरची ती मनाईची पाटी सकाळी मीच उतरवली.

धोबी : अरे, पोहता कुणाला येतं? आजवर आत सोडलंय कुणी? आम्ही धुतलेले कपडे यांच्या अंगाला चालले, आमचं अंग यांच्या पाण्याला चाललं नाही.

बहीण : आणि तलावाचे समितीवाले खुर्च्या टाकून बसलेत. आज कुणी उतरलं नाही, तर म्हणतील, बघा, यांना नकोच होतं. पुन्हा कुलूप लावायला मोकळे.

फादर : मग तू उतर.

धोबी : मी? शाळेत पोहण्यात पहिला कोण यायचा?

फादर : तुला फाटकावरून हाकललं, त्या दिवसापासून मी पाण्यात गेलो नाही. आता एकटा जाऊ?

धोबी : या वयात हसं होईल माझं.

बहीण : मोर्चात लाठ्या खाल्ल्यास, तेव्हा नाही घाबरलास. आणि कमरेएवढ्या पाण्याला भितोस? जा बघू.

(दोघे म्हातारे हात धरून तलावाच्या पायऱ्या उतरतात.)

धोबी : गार आहे रे. धरलंस ना?

फादर : धरलंय. आता पाठीवर पड. अंग सैल सोड.

धोबी : कान बुडाले... अरे, मी तरंगतोय. पाद्री, मी तरंगतोय रे.

फादर : दिसतंय मला. रडू येतंय, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही.

धोबी : हा गलका कसला?

फादर : गल्ली उतरली पाण्यात. पोरं, बाया, सगळी.

धोबी : आणि समिती?

फादर : खुर्च्या मागं सरकवतेय. फार पाणी उडतंय.

बहीण : पुरे आता, कुडकुडताय दोघं. बाहेर या. पण घोंगडी एकच आहे हं.

धोबी : चालेल, ताई. कोठडीतही एकच असायची.